गाडीत दोष आढळला नाही

आमच्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आम्ही गाडी घेतली. तोवर गाडीचा विचार कधी मनातही आला नव्हता. पण मुलीचं घर पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, चढावर. तिला सासू नाही, जावई फिरतीच्या नोकरीवर. एकीला पाजून होईपर्यंत दुसरी रडून लाल व्हायची. मी रोज बस बदलून, तो चढ चढून जायची आणि पोचेपर्यंत माझाच जीव मेटाकुटीला आलेला असायचा. मुलगी म्हणायची, "आई, तू आधी बस. तुझ्यासाठी पाणी आणू की यांना बघू?"

एक दिवस हे म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. आता एक आपली चालवून बघू."

हे म्हणजे माझे यजमान. एका कंपनीत साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, गाड्या बदलत गेल्या, हे मात्र तेच राहिले. गाडी पुसल्याशिवाय सकाळचा चहा घेणार नाहीत. गाडी वर्कशॉपला द्यायची असली की आदल्या दिवशी ती धुऊन, आतून झाडून, बॉनेट उघडून, बॅटरीच्या वायरी काढून, टोकं घासून परत लावून मग नेणार. म्हणायचे, "मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि आत घाण दिसली तर तो गाडीला नाही, ड्रायव्हरला नावं ठेवतो."

राखी रंगाची छोटी गाडी होती. शोरूममधून बाहेर काढताना मी पुढचं दार उघडायला गेले, तर हे लगबगीने आले, त्यांनी मागचं दार उघडलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "बसा, साहेब."

"अहो, काहीतरीच काय! लोक बघतायत."

"बघू देत. साहेबाची जागा हीच. ड्रायव्हरच्या तिरकं मागे. इथून रस्ता दिसतो, आणि ड्रायव्हरला आरशात साहेब दिसतो. चिडलाय का झोपलाय ते कळतं."

"आणि साहेबाने शिव्या घातल्या तर?"

"त्याची सवय आहे मला. घरी आणि दारी दोन्हीकडे."

बसले बाई मी मागे. त्या दिवसापासून माझी जागा तीच झाली. पुढच्या सीटवर माझी पिशवी आणि मुलींच्या दुपट्यांचं गाठोडं ऐटीत बसायचं.

दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली. मग एकदा टाकीच्या चढावर गाडीने एकदम दम सोडला. इंजिन चालू होतं, आवाजही येत होता, पण जोर म्हणून नाही. यांनी पाय दाबला तरी गाडी पुढे जाईना, जणू कोणी मागून पदर धरलाय. यांनी बाजूला घेतली, बंद केली, थोडं थांबून चालू केली, तर पुन्हा पहिल्यासारखी.

"पेट्रोलमध्ये कचरा आला असेल," हे म्हणाले.

आठवडाभर काही नाही. मग परत तेच. कधी चढावर, कधी सपाट रस्त्यावर एखादा खड्डा गेला की. मग चार-पाच दिवस अगदी शहाण्यासारखी. यांनी गाडी धुतली, बॅटरीची टोकं घासली आणि जिथून घेतली त्या डीलरकडे नेली.

डीलरकडे पुढे काचेची शोरूम आणि मागे वर्कशॉप. दोन्हींच्या मध्ये बसायची खोली. तिथे मऊ सोफा, कॉफीचं मशीन, आणि भिंतीवर टीव्ही, ज्याला आवाज नव्हता. काउंटरवर एक मुलगी असायची. केसांचा अंबाडा घालून त्यात पेन्सिल खोचलेली, म्हणून आम्ही तिला आपसात पेन्सिलवाली म्हणायचो. तिचा वरिष्ठ म्हणजे टायवाला. तो उभा राहिला की टाय सरळ करायचा, बसला की परत सरळ करायचा.

पेन्सिलवालीने सगळं नीट ऐकून घेतलं. एक मेकॅनिक गाडी घेऊन गेला, फेरी मारून आला. मशीन जोडून पाहिलं. टायवाला म्हणाला, "काका, गाडीत दोष आढळला नाही. कॉम्प्युटरमध्ये एकही नोंद नाही. गाडी एकदम स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहेच हो. मीच धुतली," हे म्हणाले. "पण जोर जातो त्याचं काय?"

"आमच्यासमोर गेला की लगेच बघू."

आता गाडीचा जोर काय यांना विचारून जाणार होता? पुन्हा दोनदा नेली. दोन्ही वेळा तेच. मी सोफ्यावर बसून मुक्या टीव्हीकडे बघायची, मेकॅनिक फेरी मारून यायचा, टायवाला टाय सरळ करायचा, आणि आम्ही गेलो तसे परत यायचो. दुसऱ्या वेळी तर हे स्वतः मेकॅनिकच्या शेजारी बसून गेले होते. पार टाकीच्या चढावरून जाऊन आले. गाडी हरणासारखी पळाली. येताना यांचा चेहरा असा, की यांनीच काही चोरलंय.

मग ते लसीच्या दिवशी झालं. मुलींना दवाखान्यातून परत आणत होतो. मागे मी एकीला घेऊन, शेजारी मुलगी दुसरीला घेऊन. टाकीच्या चढावर, अगदी मध्यावर, गाडीने मान टाकली. मागे पाण्याचा टँकर. तो एवढ्या जोरात हॉर्न मारत होता की दोन्ही मुली एकदम किंचाळायला लागल्या. यांनी हँडब्रेक ओढला, बंद करून चालू केली, आणि आम्ही सुटलो. पण मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी गेल्यावर मुली झोपल्या तशी ती बाहेर येऊन बसली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही एकटे असताना गाडी कधी अशी करते?"

हे खोटं बोलत नाहीत. विचार करून म्हणाले, "नाही. एकटा असताना नाही केली कधी."

"मेकॅनिक बरोबर असताना?"

"नाही."

"आई असताना, आम्ही असताना?"

हे हातातल्या किल्लीकडे बघायला लागले.

मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे आम्ही गाडीत असलो की तुम्हाला टेन्शन येतं. नकळत पाय सुटत असेल. तुमचं वय झालंय, त्यात वाईट काय आहे? पण मुलींना घेऊन मला पुन्हा त्या चढावर टँकरपुढे थांबायचं नाही. गाडीत दोष नसेल तर... किल्ली माझ्याकडे द्या."

"अगं, ज्या माणसाने जन्मभर गाडी चालवली..." मी सुरू केलं.

"आई, तू मध्ये पडू नकोस. तू कायम त्यांचीच बाजू घेतेस."

"मग कोणाची घेऊ? टायवाल्याची?"

पण हे हसले नाहीत. म्हणाले, "एकदा शेवटचं दाखवतो. त्यांनी नाही म्हटलं तर किल्ली तुझी."

त्या आठवड्यात आम्ही बसनेच गेलो. घरी हे पलंगाच्या कडेला बसून उजवं पाऊल जमिनीवर टेकवायचे, दाबायचे, उचलायचे, पुन्हा दाबायचे. मी खोलीत आले की पाय आत ओढून घ्यायचे. गाडी गेली असती तरी मला त्याचं काही नव्हतं. मी आयुष्य बसमध्येच काढलंय. पण आपल्या पायावरचा विश्वास उडालेला माणूस घरात सांभाळायचा कसा, ते मला ठाऊक नव्हतं.

ठरलेल्या दिवशी यांनी पहाटेच गाडी धुतली. बॅटरीच्या वायरी काढून टोकं चकचकीत घासली. मी म्हटलं, "अहो, आज तरी राहू द्या."

"शेवटचीच वेळ असली तर नीट नेऊ," हे म्हणाले.

बसच्या धावपळीने माझा गुडघा सुजला होता. डीलरच्या वर्कशॉपच्या दारात गाडी थांबली, हे उतरले, टायवाला आला. मी आपली मागे बसून राहिले. मला त्या सोफ्याचा, त्या कॉफीचा आणि त्या मुक्या टीव्हीचा वीट आला होता.

"मॅडम, उतरता ना? वेटिंग रूममध्ये टीव्ही आहे."

"बघितला. त्याला आवाज नाही."

"तसं नाही, आत ग्राहकांना परवानगी नसते." त्याने बोट दाखवलं. दारापाशी पिवळी रेघ होती आणि वर पाटी. मी अक्षरं शिकले ती मुलगी कॉलेजात गेल्यावर, तिच्याच जुन्या पुस्तकांवर, त्यामुळे मला पाटी वाचायला वेळ लागतो, पण वाचल्याशिवाय मी सोडत नाही. 'ग्राहकांनी ही रेषा ओलांडू नये.' मी मोठ्याने वाचली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मी कुठे ओलांडतेय? मी माझ्या गाडीत बसलेय. गाडी ओलांडतेय."

"अगं, उतर ना," हे हळूच म्हणाले. "उगाच तमाशा कशाला?"

"गुडघा दुखतोय माझा. आणि आज किल्ली जायचीच असेल तर साहेबाला शेवटची फेरी नको?"

टायवाल्याचा हात टायकडे गेला. तेवढ्यात पेन्सिलवाली आली. तिने आमच्या तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे सर. काकू बसू देत. आज मेकॅनिक सुट्टीवर आहे, फेरी मीच मारते. काका, तुम्ही माझ्या शेजारी बसा."

ती चालवायला बसली, स्टिअरिंगखाली एक छोटं मशीन जोडून पाहिलं आणि काढून पायाशी ठेवलं. हे शेजारी, माझी पिशवी यांच्या मांडीवर. पोरगी गाडी छान चालवत होती. हे तिच्या हातापायांकडे परीक्षेला बसवल्यासारखे बघत होते. भाजीबाजाराच्या मागून आम्ही टाकीच्या चढाला लागलो. अर्धा चढ गेला. हे खिडकीबाहेर बघायला लागले. मला बाहेरच्या आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, आणि मी मनात म्हटलं, गाडीबाई, आयुष्यात एकदा तरी बेइमान हो.

आणि गाडीने दम सोडला.

"अय्या!" पेन्सिलवाली म्हणाली. तिने पाय दाबला. गाडी नुसती कण्हली. "काका, हे होतं?"

"हेच!" हे एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. "हेच ते! बघा! पाय तुमचा आहे! पाय कोणाचा आहे?"

"माझा आहे काका, माझाच आहे."

"ऐकलंस का? तिचा पाय आहे!"

"ऐकलं हो. अख्ख्या रस्त्याने ऐकलं."

मागून एक गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. चालवणाऱ्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बंद पडलेल्या गाडीत ही तीन माणसं हसतायत कशाला. पेन्सिलवालीने गाडी कशीबशी कडेला घेतली. हे सवयीने बंद करायला किल्लीकडे हात नेत होते, तर तिने मनगटच धरलं.

"काका, हात लावायचा नाही! बंद केली की पळून जाईल ते."

तिने पायाशी ठेवलेलं ते मशीन उचलून पुन्हा स्टिअरिंगखाली जोडलं. थोडं बघत राहिली. "पेट्रोल पोचत नाहीये इंजिनला. पंपाला मध्येच करंट मिळत नाही. याची नोंद झालीय बघा आता. पण मग याआधीच्या नोंदी कुठे गेल्या? आजही सकाळी गाडीची पाटी कोरी होती." ती यांच्याकडे वळली. "काका, आमच्याकडे आणण्याआधी तुम्ही गाडीचं काय करता?"

"काय करणार? धुतो. पुसतो. बॅटरीच्या वायरी काढून टोकं घासतो, परत लावतो."

पेन्सिलवालीने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. "काका, या गाडीत बॅटरीची वायर काढली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. तुम्ही दर वेळी आम्हाला दाखवायच्या आधी..."

"म्हणजे मीच?"

"तुम्ही फार स्वच्छ आहात, एवढंच."

मी तोंडाला पदर लावला. यांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, की हसलीस तर बघ.

गुडघा आखडला होता म्हणून मी दार उघडून खाली उतरले. पाय रस्त्याला लागला मात्र, इंजिनाचा आवाज बदलला. गोल, भरलेला आवाज. पेन्सिलवालीने पाय दाबून पाहिला. गाडी उसळली.

"आली!" ती म्हणाली. मग थांबली. "काकू, तुम्ही काय केलंत?"

"मी? उतरले फक्त."

"परत बसा."

बसले. ती थोडं पुढे गेली. गाडीने दम सोडला.

"उतरा."

उतरले. गाडी ठणठणीत. टाकीच्या कुंपणापर्यंत जाऊन उलटी माझ्यापर्यंत आली, कुठे अडखळली नाही. तिने मला अजून दोनदा बसवलं, उतरवलं. त्या चढावर भाजीवाली हातगाडी थांबवून हा खेळ बघत उभी राहिली.

"तुम्ही नेहमी इथेच बसता?" पेन्सिलवालीने विचारलं.

"इथेच. साहेबाची जागा आहे ती."

"आणि आमचे लोक फेरी मारतात तेव्हा मागे कोणीच नसतं," ती स्वतःशीच म्हणाली.

मी यांच्याकडे वळले. "म्हणजे एवढे दिवस माझ्या वजनाने गाडी बंद पडत होती?"

"मी एक शब्द बोललो का?" हे म्हणाले.

"तोंड बोलत नाहीये. मिशा बोलतायत."

वर्कशॉपमध्ये जाताना मला पुढे बसवलं आणि हे मागे बसले, दुसऱ्या बाजूला, अंग चोरून. आत गेल्यावर मागची सीट उचलली. या वेळी पिवळी रेघ कोणी दाखवली नाही, मी वाकून सगळं पाहिलं. सीटच्या खाली पत्र्याचं झाकण, त्याखाली पेट्रोलचा पंप. त्याची वायर जिथून जायला हवी तिथून न जाता सीटच्या लोखंडी पट्टीखाली सापडली होती. वरचं प्लास्टिक घासून निघालेलं, आतली तांब्याची तार चेपून पार केसाएवढी झालेली. सीटवर त्या जागी कोणी बसलं की पट्टी वायरीवर दाबायची. खड्डा आला, चढावर वजन मागे गेलं, की तारेचं टोक सुटायचं.

टायवाला वाकून बघत होता. "सीट बसवतानाच वायर अडकली असणार. कारखान्यातच." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "अर्थात सीटवर जास्त वजन..."

"बोला, बोला," मी म्हटलं. "पुढे काय?"

त्याने टाय सरळ केला. "पूर्ण वायर नवीन टाकू, मॅडम. वॉरंटीतच बसतं."

वायर बदलेपर्यंत आम्ही सोफ्यावर बसलो. पेन्सिलवालीने स्वतः चहा आणून दिला. मशीनची कॉफी नाही, बाहेरून मागवलेला. हे चहा पीत होते आणि उजवा पाय पुढे लांब पसरून बसले होते, चांगला आरामात.

मग गाडी आली. पेन्सिलवाली म्हणाली, "चला काकू, बसा. घसघशीत बसा." आम्ही टाकीच्या चढावर दोनदा जाऊन आलो. चालवायला हे होते. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी मुद्दाम एकेक खड्डा शोधून घेतला. गाडीने हूं की चूं केलं नाही.

परत आल्यावर टायवाला म्हणाला, "झालं काका. आणखी काही सेवा?"

"आहे," हे म्हणाले. "एक फोन करायचा. माझ्या मुलीला. आत्ता दोष सापडला म्हणून सांगायचं."

"तुम्हीच सांगा ना. तुमचीच मुलगी."

"मी सांगितलं तर ती म्हणेल, बाबा किल्लीसाठी बोलतायत. आतापर्यंत तुम्हीच 'दोष नाही' म्हणत होतात ना? मग 'आहे' तेही तुम्हीच म्हणा."

टायवाल्याने पेन्सिलवालीकडे पाहिलं. तिने पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि फोन त्याच्या हातात दिला. स्वतः बोलली नाही, त्यालाच दिला. मला ती पोरगी तेव्हा फार आवडली.

टायवाला उभा राहिला, घसा साफ केला. "मॅडम, मी वर्कशॉपमधून बोलतोय. तुमच्या वडिलांच्या गाडीबद्दल. गाडीत दोष होता. वायर चेपली होती. हो, जुनाच. आमच्याकडून आधी सापडला नाही." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. त्याने टायला हात न लावता सांगितलं, "नाही मॅडम. त्यांच्या चालवण्यात काहीही चूक नाही. आमच्या काउंटरवरच्या ॲडव्हायझर चालवत होत्या तेव्हाही तसंच झालं."

मग त्याने फोन यांच्याकडे दिला. "तुम्हाला मागतायत."

फोनमधून मागे दोघींची रडारड ऐकू येत होती. हे नुसते "हं" म्हणाले. मग पुन्हा "हं". मग मुलीचा आवाज मलाही ऐकू आला. "बाबा, छोटीला सर्दी झालीय. उद्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तुम्ही याल ना?"

"किती वाजता?" हे म्हणाले.

"दहाला. आणि बाबा..."

"दहाला दारात गाडी असेल. तू खाली येऊ नकोस, मी हॉर्न मारणार नाही, मुली उठतील. तुझी आई वर येईल." आणि फोन परत देऊन टाकला. डोळे पुसायला त्यांनी गाडीचंच फडकं घेतलं. नाकाला काळा डाग लागला, तो मी घरी जाईपर्यंत सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पावणेदहालाच दारात होतो. मुलगी खाली आली, एकीला माझ्याकडे दिलं आणि दुसरीला घेऊन स्वतः पुढे बसली, बापाच्या शेजारी. चढ उतरताना ती बाहेर बघत म्हणाली, "बाबा, मी जरा जास्तच बोलले त्या दिवशी."

"बोललीस," हे म्हणाले. "आईवर गेलीयेस."

"आमच्याकडे सगळं वाईट माझ्यावरच जातं," मी मागून म्हटलं.

त्यानंतर त्या गाडीने आणि त्या पायाने पुष्कळ रस्ता केला. जुळ्यांची पाळणाघरं, मग शाळा, मग पोहण्याचा क्लास, सगळं यांनीच केलं. मोठी बडबडी, छोटी गाडीत झोपणारी. शाळेच्या दारात बाकीच्या मुली हात करून विचारायच्या, "आजोबा, आम्हालाही सोडाल?" आणि सोडायचेही. मुलीने पुन्हा कधी किल्लीचं नाव काढलं नाही. सत्तरी उलटल्यावर यांनी स्वतःच डोळे तपासून घेतले, चष्मा बदलला, आणि अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही असं आपणहून ठरवलं. बॅटरीच्या वायरी मात्र कधी सोडल्या नाहीत. पेन्सिलवाली दर सर्व्हिसिंगला विचारायची, "काका, घासलीत का?" हे म्हणायचे, "फक्त वरून पुसली हो, शपथ." पुढे ती तिथलीच मॅनेजर झाली.

शेवटचं त्यांनी जुळ्यांना शाळेतून आणलं तो सोमवार होता. येताना चौघांसाठी कलिंगड घेतलं, घरी आल्यावर कापलं, गाडी झाकली आणि लवकर झोपले.

जुळ्या पाचवीत होत्या त्या वर्षी, मार्च महिन्यात, मंगळवारी पहाटे माझे यजमान झोपेतच वारले.